ट्रॅक्टरच्या नंबराचं विमान

दादा, तुझ्या खोलीतला थिनरचा वास अजून गेलेला नाही. वहिनीनं दोन्ही खिडक्या उघड्या टाकल्यात, दिवसभर पंखा फिरतो, तरी जिना चढताना अर्ध्यातच तो नाकात शिरतो. खाली भाड्यानं राहणारी कंपनीतली पोरं विचारत होती, काका गेले, आता ही विमानं कुणाची? वहिनी म्हणाली, "माझी. इतकी वर्सं झाडूनपुसून कुनी ठेवली?"

गोड बोलणारे तुझ्या दहाव्याला भरपूर होते. मला त्यात भर घालायची नाही. आपलं भांडण मधेच सोडून तू गेलास. दुसऱ्या कुणाशी ते भांडता येत नाही, म्हणून तुझ्याशीच बोलते.

आधी तुझे उपकार सांगते, म्हणजे मागाहून कुणी मला कृतघ्न म्हणायला नको. माझी दहावी झाल्यावर नानांनी स्थळं बघायला घेतली होती. तू सुट्टीवर आलास, ट्रंक ओट्यावर ठेवलीस आणि पाणीसुद्धा न पिता म्हणालास, "नाना, सुमन शिकंल. तिला मास्तरीण करायची." नानांनी त्याच दिवशी स्थळं बघणं बंद केलं. मी मास्तरीण झाले, मुठा गावात शाळेवर लागले, तिथलीच झाले. आज माझ्या नावापुढे लोक बाई लावतात ते तुझ्या त्या एका वाक्यामुळे. आपल्या माण गावातून एअरफोर्सात गेलेला तू पहिला. आपल्या घरात तुझा शब्द नानांच्या वरचा होता. तू म्हणालास की ते व्हायचं.

आणि तू नाही म्हणालास की ते व्हायचं नाही.

आपल्या धाकट्या राजूनं ते लाकडी विमान केलं तेव्हा तू नोकरीवर होतास. तुला ते तयार झालेलंच दिसलं, मी ते होताना बघितलं. बांधावरचा पांगारा तोडला होता, त्याचा एक ओंडका त्यानं नानांकडून मागून घेतला. तू ठेवून गेलेल्या विमानाच्या फोटोवर कंपासपेटीतली पट्टी ठेवली, फोटोतल्या एका इंचाचे लाकडात चार इंच असा हिशोब मांडला आणि नानांचा सुरा घेऊन तासायला बसला. सुरा जिथं पोचत नसे तिथं फुटक्या बाटलीच्या काचेनं खरवडायचा. आई ओरडायची, हात कापून घेशील मुडद्या. अंगाला चंदेरी रंग दिला तो ट्रॅक्टरच्या चाकाला आणलेला. केशरी होता बैलांची शिंगं रंगवून उरलेला. पंखावरचा तिरंगी गोल काढायला माझी बांगडी घेतली आणि आतल्या गोलासाठी माझ्या शाईच्या दौतीचं झाकण. झाकण सरकलं, आतला गोल एका अंगाला गेला. बाहेर केशरी असतो का हिरवा, हे त्याला ठाऊक नव्हतं. केशरी थोडाच होता म्हणून तो त्यानं आत घेतला.

मग म्हणाला, "ताई, नंबर पायजे. कुटला टाकू?"

मी म्हणाले, तुला पाठ असेल तो टाक. त्याला एकच नंबर पाठ होता, आपल्या नव्या ट्रॅक्टरचा. एमएच बारापासून सुरू करून शेवटच्या आकड्यापर्यंत तो त्यानं मराठीत लिहिला. जागा पुरली नाही, म्हणून शेवटचे दोन आकडे शेपटीकडे वर चढले. विमान लढाऊ आणि नंबर ट्रॅक्टरचा! पण ते विमान उन्हात वाळायला ठेवून तो त्याच्या शेजारी कसा बसला होता, ते तू बघायला हवं होतंस.

तू मे महिन्यात आलास. ओट्यावर सगळी भावकी बसली होती. राजूनं टॉवेलात गुंडाळलेलं विमान आणून तुझ्या मांडीवर ठेवलं. तू ते फिरवून फिरवून बघितलंस.

"हे इमान हाय का ट्रॅक्टर?"

सगळा ओटा हसला. राजूही हसला. तिथंच थांबला असतास तर मी आज हे लिहीत बसले नसते. पण तू बोट लावून दाखवायला लागलास. "केशरी भाईर असतो, येड्या. आन् हा गोल बघ. साधा गोल येत न्हाई तुला. भरतीला येऊ नको हां, माझं नाव घालवशील. तुझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

मग तू चहा प्यायलास. राजूनं विमान परत टॉवेलात गुंडाळलं.

पुढं भरती निघाली तेव्हा गावातली पोरं टेम्पो करून गेली. राजू गोठ्यात शेण काढत होता. मी त्याला म्हणाले, जा की तू पण. तो मान वर न करता म्हणाला, "दादा म्हनलाय, न्हाई व्हायचं. त्याला कळतंय ना त्यातलं." त्याच्या आवाजात राग नव्हता, याचाच मला आजवर राग येतो. त्यानं तुझ्यावर विश्वास ठेवला, दादा. "सुमन शिकंल" या तुझ्या वाक्यावर नानांनी ठेवला, अगदी तसा.

तिकडे माणच्या शेतांतून रस्ते व्हायला लागले, राजू खडीच्या डंपरवर लागला. एकदा ताम्हिणी घाटात उतरणीला ब्रेक लागले नाहीत. बाकी तुला माहीत आहे. तुला रजा मिळून यायला तिसरा दिवस उजाडला. ब्रेक तुझ्या शब्दानं गेले नव्हते, एवढं मला कळतं. पण तो त्या डंपरवर कसा पोचला हेही मला कळत होतं, आणि मी धरून चालले होते की तुलाही कळत असणार. आईनं ते विमान माझ्या पिशवीत घातलं. म्हणाली, "तुझ्याकडं ठेव. माझ्याच्यानं बघवत न्हाई." तेव्हापासून ते माझ्या घरात होतं. त्याच्याबद्दल तू कधी विचारलं नाहीस, मीही बोलले नाही.

तू निवृत्त होऊन आलास तोवर आपली जमीन आयटी पार्कात गेली होती. तू खोल्या बांधल्यास, वरची एक स्वतःला ठेवलीस आणि विमानांच्या मॉडेलांचं ते टेबल मांडलंस. नोकरीत शिडीवर चढून खऱ्या विमानांवर तू जे नंबर आणि तिरंगी गोल रंगवलेस, तेच आता भिंगाखाली, बोटाएवढ्या पंखावर. मी तासन्‌तास बघत बसायचे. चिकटपट्टीचा गोल कापायचास, श्वास धरून बसवायचास. आधी पांढरा, मग बाहेरचं केशरी कडं, शेवटी मधला हिरवा. पट्टी उचललीस की कडेला केसाएवढीही रेघ फुटलेली नसायची. दादा, ते सुंदर होतं. ते मी कधी नाकारलं नाही.

लोक लांबून जुनी मॉडेलं घेऊन यायचे. एकदा औंधहून एक आजी आल्या. त्यांच्या नवऱ्याला निवृत्त होताना मिळालेलं विमान, नंबर अर्धा पुसलेला, पंखावरचे गोल उडालेले. तू त्यांना खुर्ची दिलीस आणि म्हणालास, "ह्यातलं काय ठेवायचं, ते आधी सांगा. मंग मी हात लावतो." आजींनी नाकाजवळचा एक डाग दाखवला. भलताच करडा रंग, बोटानं फासलेला. म्हणाल्या, हे त्यांनीच लावलंय, घरी बसून. तू त्या डागाभोवती पट्टी लावलीस, बाकी सगळं नवं केलंस, डाग होता तसा ठेवलास. आजी विमान घेऊन जाताना त्या डागावर अंगठा ठेवून होत्या. मी तिथंच चहाचे कप गोळा करत होते. मनात आलं, माझ्या भावाला कळतं.

म्हणून माझ्या मांजरानं फळीवरून राजूचं विमान पाडलं, पंख निखळला आणि जुना रंग पोपडे धरायला लागला, तेव्हा मी ते तुझ्याकडे आणलं. मुठ्याहून तीन गाड्या बदलून, मांडीवर धरून आणलं. तुला म्हणाले, "पंख तेवढा चिकटव. रंगाला हात लावू नकोस." तू भिंगातून बघत म्हणालास, "हं."

गणपतीच्या आधी तुझा फोन आला. ये, तयार हाय. मी आले तर खोलीत तुझे मित्र बसलेले. कोथरूडचे श्रीकांतराव होते, आणखी दोघं होते. टेबलावर मखमलीचा तुकडा आणि त्यावर ते. आरशासारखं चंदेरी. केशरी बाहेर, हिरवा मधोमध. अंगावर इंग्रजीत एक नंबर, साच्यातून उतरवलेला, एका रेषेत.

"बघ," तू म्हणालास. "घासून सगळं काढलं, अस्तर दिलं, तीन हात मारले. एकदम परफेक्ट. नंबर पण खरा टाकलाय."

मी ते उलटं केलं, सुलटं केलं. सुऱ्याचे घाव होते, तेही तू पॉलिशपेपरनं सपाट केले होतेस. मी विचारलं, "राजूचं कुठंय?"

"हेच की राजूचं."

"हे तुझं आहे."

"सुमे, ते चुकीचं व्हतं. कुनी बघितलं तर हसली असती लोकं."

"लोकं हसलीच होती, दादा. तू हसवलीस."

तुझा चेहरा एक क्षण उतरला. मग तू मित्रांकडे वळलास आणि म्हणालास, "बहीण हाय माझी, मास्तरीण. चुका काढायची सवय तिला." ते हसले. बिचाऱ्यांना काय माहीत. मी विमान मखमलीवर ठेवलं आणि खाली उतरले. वहिनी जेवायला थांबवत होती, मी थांबले नाही.

त्या औंधच्या आजी तुला परक्या होत्या, तरी त्यांना विचारलंस. माझं ऐकून घेऊन "हं" म्हणालास आणि तुला हवं तेच केलंस. तुला कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्याच्या माणसाचा डाग तू सांभाळलास. आपल्या माणसाचा तुला सहन झाला नाही.

त्या वर्षी आपली भाऊबीज झाली नाही. पुढच्या वर्षीही नाही. तू फोन करायचास, नाही असं नाही. भात कापला का, गाय व्याली का, गुडघा कसा आहे. विमानाचा विषय तू काढला नाहीस. मी वाट बघत होते. "चुकलो" एवढंच म्हणायला तुला मुठ्याला यावंही लागलं नसतं, फोनवर चाललं असतं. तू गाईची चौकशी करायचास.

मग या हिवाळ्यात तुझं छातीचं दुखणं निघालं. दवाखान्यातून घरी आल्यावर वहिनीचा फोन आला, "वन्सं, या एकदा. ह्ये इचारत्यात तुमाला."

मी आले. तू शाल घेऊन टेबलापाशीच बसला होतास. डॉक्टरांनी थिनर बंद करायला सांगितला होता, तरी वास होताच. समोर राजूचं विमान होतं आणि त्यावर रंगाचा टिपूस नव्हता. तुझा चंदेरी, तुझे गोल, तुझा नंबर, सगळं तू काढून टाकलं होतंस. उघडं, फिकट लाकूड. बाजूला लाकडाच्या ढलप्या, पत्र्याचे तुकडे, डब्यांची झाकणं, आणि त्या प्रत्येकावर आपल्या ट्रॅक्टरचा नंबर. मराठी आकड्यांत.

"जमत न्हाई," तू म्हणालास. "मुद्दाम वाकडं काढतो तरी सरळ येतंय. हे बघ, शेवटचे दोन आकडे वर चढवले, तर दोन्ही सारखेच चढत्यात. डाव्या हातानं बी केलं. मंग ते म्हाताऱ्यानं काढल्यावानी दिसतंय, पोरानं काढल्यावानी न्हाई."

तू तो बारीक कुंचला माझ्यापुढे धरलास.

"तू काढ. तुझं अक्षर त्याच्यासारखं व्हतं."

"मी काढलं तर ते माझं होईल, दादा."

"मंग काय करू? तू सांग. तू सांगशील ते करतो."

आयुष्यात पहिल्यांदा तू मला असं विचारलंस. माझा राग गेला नव्हता, आणि तरी मला वाटलं, आता होईल. आता आपण दोघं राजूसाठी एकत्र रडू. मी म्हणाले, "काही करू नकोस. त्या दिवशी ओट्यावर तू त्याला जे म्हणालास, ते एकदा माझ्यासमोर म्हण. बास."

"काय म्हनलो?"

मी सांगितलं. जसंच्या तसं, तुझ्याच भाषेत. साधा गोल येत न्हाई तुला. भरतीला येऊ नको. माझं नाव घालवशील. तुझ्याच्यानं न्हाई व्हायचं.

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. दाराकडे बघितलंस.

"मी असं म्हनलो व्हतो?" तू विचारलंस. "मला न्हाई आठवत, सुमे."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. तू कप घेतलास, तुझ्या हातातून थोडा शालीवर सांडला, तो मी पुसला. मग तू विचारलंस, गोठ्याचा पत्रा बदलला का. मी म्हणाले, बदलला. आपलं शेवटचं बोलणं ते.

तीसेक वर्षं मी ते वाक्य जपलं, दादा. तुझ्यावर रागवायचं तर त्यासाठी, तुला माफ करायचं तर त्यासाठी. आणि तू ते असं परत केलंस, पत्ता चुकलेल्या टपालासारखं. आठवड्याच्या आत तू गेलास. वहिनी सांगते, सकाळी दाढी केलीस, टॉवेल मागितलास आणि तिथंच बसलास.

दहाव्याला घाटावर मांडव होता, माइक होता. एक माजी सरपंच तुझ्या देशसेवेवर बोलले. श्रीकांतराव बोलले. म्हणाले, "चूक त्यांना सहनच होत नसे. पट्टा एका केसानं सरकला तर पूर्ण पंख पुसून पुन्हा रंगवायचे." लोकांनी माना डोलावल्या. मी खाली बघत होते. मग कुणीतरी म्हणालं, बाईंनी दोन शब्द बोलावेत, बाईंना सवय आहे.

मी उठले. तुझ्याबद्दल बोलायचं ठरवून उठले होते. तोंडातून निघालं, "आम्ही तिघं भावंडं." आणि समोर बसलेल्या श्रीकांतरावांनी चमकून वर बघितलं.

मग मी राजूबद्दलच बोलले. पांगाऱ्याचा ओंडका, शिंगांचा रंग, माझी बांगडी, सगळं सांगितलं. विमानावर ट्रॅक्टरचा नंबर टाकला म्हटल्यावर मांडव हसला. वहिनीही पदर तोंडाला लावून हसली. तुझं ते वाक्य मी माइकवर सांगितलं नाही. ते चारचौघांत सांगून तुझं नाव घालवायचं नव्हतं मला.

खाली उतरल्यावर श्रीकांतराव जवळ आले. चांगला माणूस आहे. डोळे ओले होते. म्हणाले, "ताई, माफ करा, पण दत्तात्रयना धाकटा भाऊ होता? इतकी वर्षं आम्ही एका टेबलावर बसलो. कधी एका शब्दानं बोलले नाहीत."

"होता," मी म्हणाले. "राजेंद्र त्याचं नाव."

ते विमान आता माझ्याकडे आहे. श्रीकांतराव म्हणाले, आम्ही चांगलं रंगवून देतो, तुम्ही म्हणाल तसं. मी नको म्हटलं. तू घासलंस तेव्हा त्याच्या हातच्या खुणा गेल्या, आणि तू खरवडलंस तेव्हा तुझ्याही गेल्या. आता ते नुसतं लाकूड आहे. ते ठेवावं तर राग येतो आणि टाकवत नाही.

पण एक गोष्ट मी रोज उलटीपालटी करून बघते. तुला आठवत नव्हतं, मग तू तो रंग का खरवडलास? मी रागावले म्हणून? माझ्या रागाला तू कधी एवढी किंमत दिली नव्हतीस. दुखऱ्या छातीनं, डॉक्टरांचं न ऐकता, डब्यांच्या झाकणांवर एक वाकडा नंबर गिरवत बसलास. श्रीकांतरावांपाशी भावाचं नाव काढलं नाहीस. विसरलेल्या माणसाला नाव लपवावं लागत नाही. तुला आठवत होतं, दादा. दाराकडे बघत होतास तेव्हा तू शब्द न्‌ शब्द ऐकत होतास. तू माझ्या तोंडावर खोटं बोललास.

वहिनी म्हणते, "इसरतं मानूस म्हातारपनी. सोडून द्या, वन्सं." मी नाही सोडत. तू विसरलास असं मानलं की माझ्या डोळ्यांतून तुझ्यासाठी पाणी निघत नाही, कोरडी बसून राहते मी. खोटं बोललास असं मानलं की रडू येतं. तेव्हा तू खोटारडा होतास, असंच मी धरून चालणार आहे.